जोसेफ वेबर : न लागलेल्या शोधाचा मूळपुरुष

महाविद्यालयाच्या वार्षिकात थोरांची चरित्रे येतात ती बहुधा विजयी माणसांची असतात. बालपण गरिबीचे, मधल्या काळात संकटे आणि शेवटी यश, असा त्यांचा ठरलेला घाट. मी ज्या शास्त्रज्ञाविषयी लिहिणार आहे त्यांच्या आयुष्यात गरिबी होती, संकटे होती, एकदा जगभर नावही झाले. पण ज्या शोधामुळे नाव झाले तो शोध पुढे चुकीचा ठरला आणि तो चुकीचा आहे हे त्यांनी मरेपर्यंत मान्य केले नाही. अशा माणसाचे चरित्र लिहावे का? लिहावे, असे मला वाटते. मी मराठी विषय घेऊन बी.ए. करते, विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरी हा माणूस मला सोडवेना.

त्याला निमित्त झाले आपल्याच राज्यातल्या एका गावाचे. हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ आपल्याला नामदेव आणि विसोबा खेचर यांच्यामुळे ठाऊक आहे. नामदेवांसाठी तेथले देऊळ फिरले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रचंड वेधशाळा व्हावी असे ठरले, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिचे नाव लायगो-इंडिया. तिच्याविषयी वाचू लागले की चार पाने मागे गेल्यावर एक नाव हटकून भेटते. ते नाव जोसेफ वेबर यांचे.

लहरींची ओळख थोडक्यात करून देते. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताप्रमाणे वस्तुमानामुळे तिच्याभोवतीचे अवकाशच वाकते. फार जड वस्तू जोराने हलल्या, दोन मृत तारे एकमेकांभोवती गरगरत येऊन आदळले, तर ते वाकणे लहरीसारखे चहूकडे पसरते. ती लहर आपल्यातून गेली तर आपण क्षणभर एका दिशेने ताणले जाऊ आणि दुसऱ्या दिशेने आक्रसू. पण इतके अल्प, की ते कळण्याची सोय नाही. १९१६ साली आइन्स्टाइन यांनी हे भाकीत केले खरे, पण १९३६ च्या सुमारास त्यांनाच त्याची शंका आली होती. कागदावरच्या गणितातला हा भास तर नव्हे, असा वाद पुढे वीस वर्षे चालू राहिला. या वादात एक मनुष्य उठला आणि म्हणाला की आपण मोजूनच पाहू. हेच वेबर.

त्यांचा जन्म १७ मे १९१९ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पॅटर्सन या गावी झाला. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू, घरात यिद्दिश भाषा. पाच वर्षांचे असताना त्यांना बसची धडक बसली. बरे होताना बोलणेही पुन्हा शिकावे लागले आणि शिकवणाऱ्यांची अमेरिकन धाटणी जिभेवर बसली. घरची भाषा एक आणि शाळेत गेल्यावर तोंडी बसणारी दुसरी, हा अनुभव जव्हार-मोखाड्याच्या मुलांना सांगायला नको. आमच्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी वारली किंवा कोकणी बोलतात. असो. पोरवयात वेबर रेडिओ दुरुस्त करून चार पैसे मिळवत. पुढे कॉलेजात प्रवेश मिळाला, पण घरावर खर्चाचा भार नको म्हणून ते सोडले आणि स्पर्धापरीक्षा देऊन नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले. तेथून १९४० साली पदवी घेतली.

दुसऱ्या महायुद्धात ते लेक्सिंग्टन या विमानवाहू जहाजावर होते. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रातल्या लढाईत ते जहाज बुडाले, वेबर वाचले. पुढे पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या एका लहान जहाजाचे ते कप्तान झाले. गढूळ गोंगाटातून एक बारीकसा खरा आवाज वेगळा काढायचा आणि त्यावर प्राण पणाला लावायचे, ही सवय त्यांना तेथे लागली असावी, असा माझा तर्क आहे. नौदल सोडल्यावर १९४८ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, मेरीलँड विद्यापीठाने त्यांना विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक नेमले. अट एकच, की डॉक्टरेट मिळवावी. ते जॉर्ज गॅमॉव्ह या नामांकित शास्त्रज्ञाकडे गेले आणि सूक्ष्मतरंगांचे तंत्र मला येते, माझ्याजोगे काम आहे का, असे विचारले. गॅमॉव्ह यांनी नाही म्हणून सांगितले. गंमत अशी की विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या मंद उष्णतेचा विचार गॅमॉव्ह यांच्याच मंडळीत चालू होता, आणि ती शोधायला सूक्ष्मतरंगांचाच जाणकार हवा होता. ती पुढे १९६४-६५ मध्ये दुसऱ्याच दोघांना सापडली आणि त्यांना नोबेल मिळाले.

दैवाने अशी हुलकावणी त्यांना एकदाच दिली नाही. लेसरचा थोरला भाऊ म्हणजे मेसर. त्यामागचे तत्त्व वेबर यांनी १९५२ साली ओटावा येथील परिषदेत जाहीरपणे मांडले. उपकरण मात्र त्यांनी बांधले नाही. ज्यांनी बांधले व सिद्धांत पुरा केला त्या टाऊन्स, बासोव्ह आणि प्रोखोरोव्ह यांना १९६४ चे नोबेल मिळाले. कल्पना सुचणे आणि ती हाताने खरी करून दाखवणे यांतले अंतर त्यांना चांगलेच लागले असावे. कारण पुढच्या खेपेला त्यांनी कल्पनेवर थांबायचे नाही असे ठरवलेले दिसते.

१९५५-५६ मध्ये रजा घेऊन ते जॉन व्हीलर यांच्यापाशी सापेक्षता शिकायला गेले. १९५७ साली चॅपेल हिल येथे परिषद भरली. गुरुत्वीय लहरी खरोखर ऊर्जा वाहून नेतात, म्हणजे त्या वस्तूला हलवू शकतात, हे तेथे बहुतेकांना पटले. वेबर तेथे हजर होते. परतल्यावर त्यांनी वह्या भरल्या, १९६० साली निबंध लिहिला, १९६१ साली एक छोटेखानी पुस्तक काढले आणि मग लोखंडलाकडाच्या कामाला लागले.

उपकरण दिसायला अगदी साधे होते. ॲल्युमिनियमचा भरीव दंडगोल, लांबी सुमारे दीड मीटर, वजन टनाहून अधिक. तो तारेने टांगलेला, भोवती निर्वात केलेली टाकी. दंडगोलाच्या कमरेला असे स्फटिक चिकटवलेले, की जरासा ताण पडला तरी वीज निर्माण व्हावी. देवळातली घंटा टोल दिल्यावर आपल्याच एका सुरात वाजते, तसा हा दंडगोल सेकंदाला सुमारे १६६० कंपने या एकाच सुराला प्रतिसाद देई. अवकाशातून त्या सुराची लहर आली तर तो किंचित निनादेल आणि स्फटिक ते सांगतील. दंडगोलाच्या लांबीत अणुकेंद्राच्या व्यासापेक्षाही कमी फरक पडला तर तो कळावा, इतकी नाजूक यंत्रणा त्यांनी स्वतः उभी केली. त्यांच्या टीकाकारांनीसुद्धा या हस्तकौशल्याला नाव ठेवलेले नाही.

पण नाजूक कानाला सगळेच ऐकू येते. जवळून ट्रक गेला, वीज कडाडली, कुठे भूकंप झाला, की दंडगोल थरथरे. आणि हे सारे बंद केले तरी एक गोंगाट उरतोच. उबेमुळे ॲल्युमिनियमचे अणूच सतत थरथरत असतात, ते कसे थांबवणार? आषाढात पत्र्याच्या घरात बसून दरीपलीकडच्या पाड्यावरची हाळी ऐकून पाहा, म्हणजे वेबर यांची अडचण कळेल. पत्रा आपलाच असतो, आवाजही त्याचाच असतो.

यावर त्यांनी काढलेला उपाय आम्हाला चांगलाच परिचयाचा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या पालघर जिल्ह्यात, विशेषतः डहाणू-तलासरी भागात, भूकंपाचे धक्के बसू लागले. त्या दिवसांत फळीवरची भांडी वाजली की आमच्या घरातून मोखाड्याला आत्याकडे फोन जाई, तुमच्याकडे हलले का म्हणून. तिकडेही त्याच क्षणी हलले असेल तर तो धक्का, नाहीतर मांजर. वेबर यांनी हेच केले. एक दंडगोल मेरीलँडमध्ये आणि दुसरा सुमारे हजार किलोमीटरवर शिकागोजवळच्या आरगॉन येथे. दोन्ही एकाच क्षणी थरथरले तरच त्याची नोंद धरायची.

आणि अशा जोडनोंदी त्यांना मिळू लागल्या. जून १९६९ मध्ये त्यांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्या आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत असल्याचेही सांगितले. माणूस चंद्रावर उतरला ते हे दिवस. वेबर यांचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वत्र झाले. मॉस्को, ग्लासगो, म्युनिक, फ्रास्काती, न्यू जर्सीतली बेल प्रयोगशाळा, जिकडे तिकडे दंडगोल टांगले गेले. पन्नास वर्षे केवळ गणितात असलेला विषय चार वर्षांत कारखान्यात आला.

त्या सगळ्या दंडगोलांनी मौन पाळले. वेबर यांच्याइतकी, काही ठिकाणी त्याहून चांगली उपकरणे. पण जोडनोंद एकही विश्वासार्ह नाही. शिवाय सिद्धांतवाल्यांनी हिशेब मांडला. इतक्या दुरून येऊन दंडगोल हलवतील एवढ्या लहरी आकाशगंगेच्या मध्यातून निघत असतील, तर तेथे दरवर्षी सुमारे हजार सूर्यांएवढे वस्तुमान नाहीसे होत असले पाहिजे. या वेगाने आकाशगंगा केव्हाच संपली असती.

यानंतरचा प्रसंग वाचताना मला फार वाईट वाटले. रॉचेस्टर येथील गटाच्या नोंदी मागवून वेबर यांनी आपल्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि पुष्कळ जोडनोंदी मिळाल्याचे सांगितले. नंतर निघाले असे, की एकीकडचे घड्याळ स्थानिक उन्हाळी वेळेवर होते आणि दुसरीकडचे ग्रिनिचच्या. दोन्हींत चार तासांचे अंतर. म्हणजे ज्या नोंदी एका क्षणाच्या मानल्या त्या एका क्षणाच्या नव्हत्याच! तरीही जुळणी मिळाली. ती कुठून आली? जून १९७४ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील परिषदेत रिचर्ड गार्विन यांनी हा प्रश्न सर्वांदेखत लावून धरला. वाद हातघाईवर आला आणि अध्यक्ष फिलिप मॉरिसन यांना काठी मध्ये घालावी लागली असे सांगतात.

वेबर खोटे बोलत होते असे कुणीही म्हटलेले नाही, मलाही ते वाटत नाही. नोंदींच्या पट्टीवर किती उंच टेंगूळ आले की त्याला थरथर म्हणायचे, हे आधीच ठरवून ठेवले पाहिजे. वेबर ती रेघ पुन्हा पुन्हा हलवून पाहत. थोडी खाली घेऊन पाहू, थोडी वर. दहा वेळा हलवली तर एखाद्या वेळी दोन गोंगाटही आपोआप जुळतात. मोखाड्याला फोन करून आपण विचारतो, तुमच्याकडे हलले का. पण घाबरलेला माणूस विचारतो, तुमच्याकडेही हलले ना? त्या एका ‘ना’पायी पलीकडचा माणूस हो म्हणून जातो. फरक एवढासाच आहे. नौदलात चाहूल ओळखायची तर शत्रू आहे असे धरूनच बसावे लागते. चुकून इशारा दिला तर फारसे बिघडत नाही, इशारा चुकला तर जहाज जाते. प्रयोगशाळेत हा हिशेब नेमका उलटा असतो.

दैवही पाठ सोडीत नव्हते. चंद्रावर वारा नाही, रहदारी नाही, तेव्हा चंद्रालाच दंडगोल करावे ही त्यांची कल्पना मला आजही भव्य वाटते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी त्यांचे गुरुत्वमापक यंत्र चंद्रावर ठेवले. पण तेथल्या कमी गुरुत्वाकर्षणाचा वजनाशी मेळ घालताना आराखड्यात चूक राहून गेली होती. यंत्राची दांडी समतोल होईना. इतक्या दूर नेलेले यंत्र, आणि ते दुरुस्त करायला हात पोचत नाहीत.

याच काळात घरातही उलथापालथ झाली. शाळेपासूनची मैत्रीण असलेल्या पत्नी ॲनिटा १९७१ साली वारल्या. १९७२ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ट्रिंबल यांच्याशी विवाह केला. त्या स्वतः मोठ्या अभ्यासक, आणि पतीचा निष्कर्ष जगाने नाकारला असतानाही त्यांनी त्यांची साथ सोडली नाही. सरकारी अनुदान हळूहळू आटले. १९८७ साली जवळच्या दीर्घिकेत तारा फुटला तेव्हा त्याच्या लहरी मिळाल्याचा दावा वेबर यांनी पुन्हा केला. आता ऐकणारे थोडे होते. मेरीलँडच्या रानालगतच्या लहानशा इमारतीत पदरचे पैसे घालून ते दंडगोल चालू ठेवत राहिले. २००० सालच्या हिवाळ्यात त्या प्रयोगशाळेजवळ ते बर्फावरून घसरून पडले आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी वारले.

हा हट्ट म्हणावा की निष्ठा? आमच्या वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा मते सरळ दोन झाली. मला वाटते, १९७४ पर्यंत ती निष्ठा होती. चार तासांची गोष्ट उघड झाल्यावर मात्र त्यांनी सर्व नोंदी नव्याने, दुसऱ्याच्या हाती देऊन तपासून घ्यायला हव्या होत्या. ते त्यांनी केले नाही. पण ज्यांनी त्यांना खोडून काढले, त्यांच्यापैकी कितीजण वेबर यांच्याआधी या विषयाकडे वळले होते? ग्लासगोचे रोनाल्ड ड्रेव्हर दंडगोलापासून सुरुवात करून पुढे लायगोच्या मूळ तिघांपैकी एक झाले. आरशांनी लहरी मोजण्याचे पहिले उपकरण बांधणारे रॉबर्ट फॉरवर्ड तर वेबर यांचेच शिष्य होते.

दंडगोलाची मर्यादा आता स्पष्ट झाली होती. तो एकाच सुराला जागा होणार, आणि वेबर यांच्या दंडगोलाला जेवढी थरथर कळे त्याच्या लाखाव्या हिश्शाइतकी खरी लहर असणार. दंडगोल अतिथंड करूनही पुरेसे झाले नाही. म्हणून लायगोने चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा बांधल्या. त्यांच्या टोकांना आरसे आणि मध्ये लेसरचा प्रकाश. एक भुजा ताणली, दुसरी आक्रसली, की परतलेल्या प्रकाशकिरणांचा मेळ बिघडतो. वेबर यांची दोन ठिकाणांची रीत मात्र तशीच ठेवली. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन जागांत सुमारे ३००० किलोमीटर अंतर आहे.

त्यांच्या चुकीपासूनही लायगोवाले शिकले. २०१० साली मोजक्या जणांनी गुपचूप एक बनावट लहर यंत्रात सोडली. शेकडो शास्त्रज्ञ महिनोन् महिने ती तपासत राहिले, निबंध लिहून तयार झाला, आणि मग लखोटा फोडून सांगण्यात आले की ही तर परीक्षा होती. इतके निष्ठुर कशाला व्हावे, असे क्षणभर वाटते. वेबर आठवले की वाटत नाही.

या कामात भारतीय हातभार मोठा आहे. कृष्णविवराला धक्का बसला की ते घंटेसारखे ठरावीक सुरात निनादून शांत होते, हे १९७० साली दाखवणारे सी. व्ही. विश्वेश्वरा हे वेबर यांच्याच मेरीलँड विद्यापीठात शिकलेले. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी यांनी गोंगाटातून लहर कशी वेगळी काढावी याचे गणित बसवले. त्याचे मर्म आमच्याकडच्या कुणालाही कळेल. रात्री दरीपलीकडे तारपा वाजत असतो, वारा उलटा असतो, धड काही ऐकू येत नाही. पण ज्याला ती चाल पाठ आहे तो म्हणतो, वाजतोय. दोन कृष्णविवरे मिसळताना कोणती चाल वाजेल हे आधी गणिताने काढून ठेवायचे आणि ती चाल गोंगाटावर ठेवून जुळते का पाहायचे. वेबर यांच्यापाशी चाल नव्हती. त्यांना फक्त ठोका ऐकायचा होता, आणि ठोका तर मांजरानेही पडतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी ती चाल दोन्ही ठिकाणी वाजली, सेकंदाच्या सुमारे सात सहस्रांश अंतराने. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एक झाली होती आणि तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले होते. चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत अशा दोनशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. २०१७ चे नोबेल वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना मिळाले. ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते.

मर्यादा आजही आहेतच. जमिनीची थरथर अखंड चालू असल्यामुळे सेकंदाला दहाएक कंपनांच्या खालचे मंद सूर पृथ्वीवरच्या या यंत्रांना ऐकू येत नाहीत. ज्या लहरीचे एक कंपन पुरे व्हायला वर्षे लागतात तिच्यासाठी वेगळीच युक्ती लागते. नारायणगावजवळ खोडद येथील ३० अँटेनांची दुर्बीण इतर देशांच्या दुर्बिणींसह स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची वेळ वर्षानुवर्षे मोजत आली आहे, आणि जून २०२३ मध्ये त्यांतून अशा मंद लहरींचा पुरावा मिळू लागल्याचे जाहीर झाले. लहर आकाशात नेमकी कोठून आली हे सांगणेही दोन यंत्रांनी साधत नाही; इटलीतल्या यंत्राची जोड मिळाल्यावर ते थोडे सुधारले. पृथ्वीच्या या बाजूला, औंढ्याला, आणखी एक यंत्र हवे ते याचसाठी.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये शोधाची घोषणा झाली तेव्हा श्रोत्यांत व्हर्जिनिया ट्रिंबल बसल्या होत्या आणि वक्त्यांनी वेबर यांचे नाव आदराने घेतले. वेबर यांचा एक दंडगोल हॅनफर्डच्या वेधशाळेत पाहायला ठेवला आहे. मार्च २०१९ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने त्यांच्या नावे एक बाग केली. त्यांच्या दंडगोलांचे आठ गाभे तेथे उघड्यावर मांडले आहेत, आणि विद्यार्थी येता-जाता त्यांच्याजवळून जातात.